दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा आणि पानिपतचा दुसरा निकाल

विज्ञानकथेविषयी मराठीत जी समीक्षा झाली ती बहुतांशी छापील संहितेला धरून झाली. कथेत विज्ञान किती आणि कथा किती, हा तिचा आवडता प्रश्न. दरम्यान हा वाङ्मयप्रकार पडद्यावर गेला, आणि आज आपल्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याची त्याच्याशी पहिली ओळख बहुधा मालिकेतूनच होते. मालिकेने विज्ञानकथेला काय दिले आणि तिच्यापासून काय हिरावून घेतले, हा विचार म्हणूनच मराठीच्या अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा मानता येणार नाही.

तुलनेला दोन कलाकृती सोयीच्या आहेत. डॉ. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत १७६१ च्या रणांगणावर विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि मराठे जिंकतात. फिलिप के. डिक यांच्या १९६२ सालच्या 'द मॅन इन द हाय कॅसल' या कादंबरीत दुसरे महायुद्ध जर्मनी आणि जपान जिंकतात. या कादंबरीवरून २०१५ ते २०१९ या काळात ॲमेझॉनने चार पर्वांची मालिका केली.

या मालिकेतील सर्वांत समर्थ पात्र मूळ कादंबरीत नाहीच. जॉन स्मिथ हा नाझींच्या सेवेत वर चढलेला अमेरिकन अधिकारी. असाध्य आनुवंशिक रोग असलेल्यांना जगू द्यायचे नाही, हा त्या राजवटीचा कायदा. नेमका त्याच्याच किशोरवयीन मुलाला तसा रोग निघतो. बाप तो लपवतो; पण राजवटीच्या शिकवणीत वाढलेला मुलगा आपण होऊन स्वतःला अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करतो. येथे अंतराळयान नाही, किरणांचे अस्त्र नाही. एक गृहीतक एका कुटुंबाच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन आपली किंमत मागते, एवढेच घडते. तिथवर पोहोचायला मालिकेने दोन पर्वे घेतली. लघुकथेजवळ इतका अवधी नसतो, आणि मालिकेचे खरे बळ या अवधीतच आहे.

तिचे दुबळेपणही त्यातूनच येते. पर्वे वाढू लागली की उत्तर लांबणीवर टाकावे लागते. आपण जगतो ते जग खरे की दुसरे, ही डिकच्या कादंबरीतील मनाला कुरतडणारी शंका. मालिकेत तिचे अखेर एका जगातून दुसऱ्यात जाण्याचे यंत्र झाले. 'सेव्हरन्स' (२०२२) या मालिकेतही हीच अडचण जाणवते. कचेरीतली स्मृती घरी नाही आणि घरची कचेरीत नाही, ही तिची मूळ कल्पना विलक्षण आहे. हिंजवडीहून रात्री उशिरा परतणाऱ्या पुणेकराला ती समजावून सांगावी लागत नाही! परंतु पुढे कोड्यांवर कोडी रचली गेली, आणि दुसऱ्या पर्वासाठी प्रेक्षकाला तीन वर्षे थांबावे लागले.

मूळ संहितेशी निष्ठा हा मात्र येथे निकष मानू नये. 'फाउंडेशन' (२०२१) मध्ये आसिमॉव्ह यांचा सिद्धांतच उलटा झाला आहे. त्यांच्या मते जनसमूहाचे भविष्य गणिताने वर्तवता येते, एकट्या व्यक्तीचे नाही. पडद्याला मात्र व्यक्तीच लागतात. तरीही एकाच सम्राटाच्या तीन वयांतील प्रतिकृती एकत्र राज्य करतात, ही मालिकेने पदरची घातलेली कल्पना तिच्यातील सर्वांत सरस गोष्ट आहे.

आपल्याकडे 'इंद्रधनुष' (१९८९) आणि 'कॅप्टन व्योम' (१९९८) या दूरदर्शनवरील हिंदी मालिकांपासून विज्ञानकथा ही मुलांची गोष्ट ठरली. मराठी वाहिन्यांनी पुनर्जन्म (असंभव) आणि भूत (रात्रीस खेळ चाले) यांना भरपूर भाग दिले. विज्ञानकथेला तेवढा विस्तार दिल्याचे दिसत नाही. खर्चाचे कारण सांगितले जाते, ते पटत नाही. गंगाधरपंतांना लागते काय? एक आगगाडी, मुंबईचे रस्ते, ग्रंथालय आणि सभेचे व्यासपीठ. अडचण आपल्या परंपरेतही आहे. १९७४ साली 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला. विज्ञानप्रसाराच्या अंगणात वाढलेल्या या कथेला अखेरीस कोणी जाणकार मित्र सर्व उलगडून सांगतो अशी सवय लागली. 'पानिपत' मध्ये ते काम राजेंद्र देशपांडे करतो. कागदावर ते खपते. पडद्यावर त्याचे व्याख्यान होईल.

२० मे २०२५ रोजी नारळीकर पुण्यात निवर्तले. त्यांच्या कथांची मालिका कोणी करू म्हणेल तर 'पानिपत' कडे दृष्टी वळणे स्वाभाविक आहे, आणि तेथेच मला धास्ती वाटते. कथेत लढाई नाही. आहे ते बखरीचे एक फाटके पान. मालिकेत घोडदळ येईल, तोफा येतील, विजयाचा गुलाल उधळला जाईल. नारळीकरांचे पेशवे शहाणे आहेत. ते विज्ञानाची कास धरतात, पुढे देशात लोकशाही येते. मोजक्या पानांच्या कथेत हे आपण मान्य करून पुढे जातो. पण मालिकेला त्या जगात घरोघर शिरावे लागेल. तेथे १८१८ साली पेशवाई बुडालेली नाही. मग १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा भरते का? भरत असेल तर कोणाच्या परवानगीने? आणि भरत नसेल, तर त्या विजयी पुण्यात सावित्रीबाई काय करीत असतात? जॉन स्मिथच्या घरात शिरण्याचे धैर्य त्या मालिकाकारांनी दाखवले. आपला कॅमेरा शनिवारवाड्यातून बाहेर पडून या घरापर्यंत येईल, असे आजच्या ऐतिहासिक मालिका पाहता मला वाटत नाही.