मध्यंतरानंतर

सिन्नरकडच्या एखाद्या महाविद्यालयाचा कबड्डीचा सामना पाहायला उभे राहा. मध्यंतराला आपली पोरे चार-पाच गुणांनी पुढे. शिट्टी होते, बाजू बदलतात, आणि पुढच्या वीस मिनिटांत सारे पालटते. घरी परतताना काकामंडळींचा निकाल ठरलेला : ‘‘पोरांत दमच नाही हो!’’

दम असतो; पण तो सगळा एकाच्याच छातीत शोधला जातो. टाळ्या पडतात म्हणून पूर्वार्धात दर चढाईला तोच नावाजलेला गडी धाडायचा. मध्यंतर पाच मिनिटांचे. तेवढ्यात श्वास परततो, मांड्या परतत नाहीत. शिवाय त्याच्या पायाची लकब एव्हाना समोरच्यांना पाठ झालेली असते.

आणि नियम पाहा. मध्यंतराला जितके गडी मैदानात शिल्लक, तितक्यांनीच उत्तरार्ध सुरू होतो. शेवटच्या मिनिटात हौसेने तीन गमावले, तर चौघांवर सारा भार. मग लोण फार दूर नसतो, आणि त्याचे दोन गुण जादा!

थोरामोठ्यांनाही हे चुकले नाही. २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत, उपांत्य सामन्यात, भारत आणि इराण मध्यंतराला ९-९ असे बरोबरीत होते. अखेर भारत १८, इराण २७. १९९० पासून ओळीने सात सुवर्णपदके मिळवणारा संघ तो!

बाकावर राखीव गडी बसलेले असतात. त्यांतल्या एखाद्याला आघाडी असतानाच चढाईला पाठवून पाहा. पहाटेच्या एस.टी.साठी त्याच्याही आईने उठून भाकरी थापलेली असते.