राजूरच्या वाटेवर पायी चालणाऱ्यांची जबाबदारी कोणाची?

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, जालना

महोदय,

जालना-राजूर रस्त्याची हकीकत तुम्हाला नव्याने सांगायची गरज नाही. अर्ज दिले, निवेदनं दिली, पोच घेतली. ज्या कार्यालयात गेलो तिथे दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवलं गेलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

१८ जुलै २०२४. आषाढी एकादशीचा दुसरा दिवस. पंढरपूरहून परतलेल्या वारकऱ्यांची जीप तुपेवाडीजवळ रस्त्यालगतच्या विहिरीत कोसळली, ७ जण गेले. २९ ऑगस्ट २०२५. टेंभुर्णी-राजूर रस्त्यावर गाडेगव्हाणजवळ पहाटे फिरायला निघालेल्या एका माणसाला धडक देऊन कार विहिरीत गेली, ५ जण गेले. तेरा-चौदा महिन्यांत दोन विहिरी आणि १२ जीव, तेही राजूरला जाणाऱ्याच रस्त्यांवर. पहिल्या अपघातानंतर परिसरातल्या रस्त्याकडेच्या सगळ्या विहिरी मोजून कठडे बांधले असते, तर दुसऱ्या वेळी ती कार कठड्याला अडली नसती का? याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

हे फक्त आपल्याच जिल्ह्यात घडतं असंही नाही. ३१ ऑक्टोबर २०२२ ला सांगोल्याजवळ जुनोनी इथे पायी दिंडीत कार घुसली आणि ७ वारकरी संपले. त्याच वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळजवळ दर पाचवा मृत्यू पादचाऱ्याचा.

आणि आपल्याकडे अंगारकी, म्हणजे मंगळवारी येणारी संकष्टी. रात्रभर जालन्याहून माणसं राजूरच्या गणपतीला पायी निघतात. लेकुरवाळ्या बाया, अनवाणी म्हातारी माणसं, शाळकरी पोरं. साइडपट्टी जागोजागी खचलेली, त्यामुळे सगळे डांबरावरून चालतात. समोरून येणारा अप्पर मारतच येतो, डिप्पर देत नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली की चालणारा बिचकून बाजूला सरतो, आणि बाजूला असतो खड्डा किंवा विहीर. मागून मोटारसायकलवाले कर्कश हॉर्न वाजवत माणसांच्या रांगेतून गाड्या काढतात. स्टीलच्या या गावात मागे हातभर सळया बाहेर आलेले टेम्पो रात्री टेललाइटशिवाय धावतात. त्या सळयांची टोकं अंधारात माणसाच्या छातीच्या उंचीवर येतात. कायद्याने अशा वाहतुकीला बंदी आहे. ती थांबवायची कोणी?

चालणाऱ्यांनीही चार-चार जणांनी ओळ धरून रस्ता अडवू नये, कानात इयरफोन घालू नयेत, उजव्या कडेने चालावं म्हणजे समोरची गाडी दिसते. हे आम्ही आमच्या माणसांना सांगतो, पुढेही सांगू. पण सायकलवाला, चालणारा आणि ट्रक यांना एकाच पट्टीवर सोडून द्यायचं आणि अपघात झाला की मेलेल्यालाच निष्काळजी ठरवायचं, हे आम्ही ऐकून घेणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२५ ला पदपथाचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं स्पष्ट केलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत पदपथाची किमान रुंदी १.८ मीटर आहे. जालन्यातून बाहेर पडताना टेप घेऊन माझ्यासोबत चला आणि १.८ मीटर सलग कुठे सापडतो ते दाखवा.

अंगारकी काही अचानक येत नाही. पंचांगात ती वर्षभर आधी छापलेली असते. त्या रात्री जड वाहनं दुसऱ्या मार्गाने वळवा. एक बाजू दोरखंड आणि रिफ्लेक्टर लावून पायी चालणाऱ्यांसाठी राखा. अप्पर लाइट आणि सळयांच्या गाड्यांवर जागेवरच कारवाई करा. रोज पहाटे फिरणाऱ्यांसाठी साइडपट्टी मुरूम टाकून दाबून घ्या. रस्त्याकडेच्या विहिरींची गावनिहाय यादी जाहीर करा. प्रत्येक विहिरीपुढे कठड्याची तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम लिहा. ती यादी पुढच्या अंगारकीच्या किमान महिनाभर आधी राजूर ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे.

आपला,
राजूरला पायी जाणारा एक जालनेकर