एका घरात दोन झेंडे

गणेशपुरीत दिवाळीच्या पाहुण्यांची वर्दळ वसुबारसेपासूनच सुरू होते. तानसेकाठच्या गरम पाण्याच्या कुंडांवर पहाटेची झुंबड, नित्यानंदबाबांच्या समाधिमंदिरात रांग, आणि घराघरांत ठाण्याहून, कल्याणहून, वाड्याहून आलेल्या लेकी, जावई, आत्या, मामा. भात निम्मे कापलेले, निम्मे उभे. त्यामुळे ओटीवरच्या गप्पांचा पहिला विषय पाऊस. दुसरा विषय कोण काढतो, यावर पुढची संध्याकाळ ठरते. "मग, तुमच्या साहेबांनी काय दिवे लावले?" एवढे एक वाक्य पुरते. करंजी ताटात तशीच राहते, आवाज चढतात, आतून कुणी तरी "अहो, आधी चहा घ्या" म्हणत बाहेर येते आणि जावईबापू मोबाइलमध्ये डोके घालतात.

2025 च्या दिवाळीत हे वाक्य जरा जास्तच ऐकू येणार होते. रखडलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका 31 जानेवारी 2026 पर्यंत उरका, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले होते. म्हणजे जिल्हा परिषद, पंचायत समिती, महापालिकांचे इच्छुक फराळाच्या निमित्ताने दारोदार फिरणार होते. आणि गावातला इच्छुक म्हणजे कुणी परका माणूस नसतो. तो चुलत भाऊ असतो, साडू असतो, नाही तर व्याह्यांचा पुतण्या.

भिवंडी तालुक्याला तर पक्षाआधी माणूस पाहायची जुनी सवय. भिवंडी लोकसभा मतदारसंघाची पहिली निवडणूक 2009 मध्ये झाली आणि काँग्रेसचे सुरेश टावरे निवडून आले. 2014 मध्ये कपिल पाटील भाजपकडून जिंकले. त्याआधी ते राष्ट्रवादीत होते आणि ठाणे जिल्हा परिषदेचे अध्यक्षही होते. त्याच निवडणुकीत सुरेश म्हात्रे, म्हणजे बाळ्या मामा, मनसेकडून उभे होते. दहा वर्षांनी, 2024 मध्ये, हेच दोघे पुन्हा समोरासमोर आले. या खेपेला बाळ्या मामांकडे शरद पवारांच्या राष्ट्रवादीची तुतारी होती आणि ते 66,121 मतांनी निवडून आले.

आता एखाद्या जुन्या राष्ट्रवादीवाल्या घराची कल्पना करा. एक भाऊ पाटलांच्या मागे गेला, तो भाजपचा झाला. दुसरा घड्याळाला चिकटून राहिला, त्याला फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणूक आयोगाच्या निकालातून कळले की घड्याळच दुसऱ्या गटाकडे गेले. तिसरा शरद पवारांबरोबर राहिला आणि तुतारीवाला झाला. शिवसेनेच्या घरांची गत वेगळी नाही. भिवंडी ग्रामीण विधानसभेला 2024 मध्ये दोन शिवसेना एकमेकींविरुद्ध लढल्या. तिघा भावांतल्या एकानेही आपल्या समजुतीप्रमाणे निष्ठा सोडलेली नाही, तरी तिघे तीन तंबूंत. शिवसेना आणि राष्ट्रवादी यांच्या जून 2022 आणि जुलै 2023 च्या फुटींनी मराठी घरांना दिलेली ही खास भेट. पूर्वी भांडायचे असेल तर निदान कुणाचे तरी मत बदलावे लागे.

घरात मतभेद असणे मात्र मुळीच नवे नाही. नवे काय आहे, ते बारामतीच्या एकाच घराच्या दोन निवडणुका शेजारी शेजारी ठेवल्या की दिसते.

केशवराव जेधे यांच्या निधनानंतर 1960 मध्ये बारामती लोकसभेची पोटनिवडणूक लागली. शारदाबाई पवारांचे घर शेतकरी कामगार पक्षाचे. शेकापने संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पाठिंब्यावर शारदाबाईंचे चिरंजीव वसंतराव पवार यांना उभे केले. काँग्रेसचे उमेदवार होते केशवरावांचे चिरंजीव गुलाबराव जेधे. पंचाईत झाली ती वसंतरावांच्या धाकट्या भावाची. शरद पवार तेव्हा जेमतेम विशीतले, आणि काँग्रेसच्या कामात बुडालेले. समितीच्या चळवळीने महाराष्ट्र तापलेला, काँग्रेसवाला म्हणजे महाराष्ट्रद्रोही असे चावडीवर सर्रास बोलले जाण्याचा तो काळ. अशा वेळी सख्ख्या भावाविरुद्ध प्रचाराला उतरायचे की घरी बसायचे? 'लोक माझे सांगाती' या आत्मकथनात पवारांनी सांगितले आहे की कोंडी फोडली ती वसंतरावांनीच. त्यांनी धाकट्याला बोलावून घेतले आणि तुझी बांधिलकी काँग्रेसशी आहे, तेव्हा माझ्याविरुद्ध प्रचार करायला कचरू नकोस, असे सांगून टाकले. धाकट्याने जीव तोडून प्रचार केला. जेधे जिंकले, वसंतराव हरले, आणि घर होते तसेच राहिले.

दुसरी निवडणूक 2024 ची. लोकसभेला सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार, नणंद विरुद्ध भावजय. सुप्रियाताई 1,58,333 मतांनी जिंकल्या. ऑगस्टमध्ये अजितदादा पवारांनी जाहीरपणे म्हटले की राजकारण घरात शिरू द्यायला नको होते, सुनेत्रा यांना उभे करण्यात चूक झाली. तीनच महिन्यांनी विधानसभेला काका विरुद्ध पुतण्या असा सामना झाला आणि दादांनी युगेंद्र पवारांना लाखाहून अधिक मतांनी हरवले. या दोन निवडणुकांच्या मधल्या दिवाळीत, 2 नोव्हेंबर 2024 ला, बारामतीत पाडवे दोन झाले. शरद पवार नेहमीप्रमाणे गोविंदबागेत लोकांना भेटले, अजित पवार काटेवाडीत. वर्षानुवर्षे एकाच दारात शुभेच्छा द्यायला जाणाऱ्या कार्यकर्त्याला त्या सकाळी गाडी कुठे वळवायची, हे ठरवावे लागले.

दोन्ही वेळा घर तेच, मतदारसंघ तोच. फरक कुठे पडला? एक तर 1960 मध्ये गोष्ट आधी बोलली गेली, आणि ज्याचे नुकसान व्हायचे होते त्याच थोरल्याने ती काढली. दुसरे, तेव्हाचा वाद शेकाप की काँग्रेस असा होता. आताचा वाद, कुणी कितीही विकासाचे नाव घेतले तरी, पक्ष कुणाचा आणि वारस कोण, हा होता. ती हिस्सेवाटणीच. विचारांच्या भांडणात हरलेल्या माणसाचे फक्त मत हरते. हिस्सेवाटणीत तो स्वतः हरतो, म्हणून ती जखम पाडव्यापर्यंत भरत नाही.

अर्थात, सगळ्याच दुहेरी झेंड्यांच्या घरांत दुःख नांदते असे नाही. गेल्या विधानसभेला कणकवलीत नितेश राणे भाजपच्या, तर कुडाळमध्ये नीलेश राणे शिंदेंच्या शिवसेनेच्या चिन्हावर निवडून आले. वडील भाजपचे खासदार. मुक्ताईनगरच्या खडसे घरात रक्षाताई भाजपच्या केंद्रीय राज्यमंत्री आणि नणंद रोहिणीताई शरद पवारांच्या पक्षात. आपल्याच ठाणे जिल्ह्यात गणेश नाईक भाजपचे आमदार झाले आणि संदीप नाईक तुतारीवर बेलापुरात अवघ्या 377 मतांनी हरले. काही घरांत दुसरा झेंडा हा मतभेद नसतो, विमा असतो. पण गजानन कीर्तिकर शिंदेंबरोबर आणि मुलगा अमोल ठाकरेंकडून उभा राहून 48 मतांनी पराभूत, या निकालाच्या रात्री त्या घरात काय बोलले गेले असेल, याचा अंदाज कोणत्याही वृत्तवाहिनीला करता येणार नाही. ठाकरे बंधूंनी तर 2005 ते 2025 अशी वीस वर्षे वेगळ्या चुली मांडल्या. मधे जुलै 2012 मध्ये उद्धव ठाकरे रुग्णालयात गेले, तेव्हा राज यांनीच गाडी चालवत त्यांना मातोश्रीवर आणले. आणि 5 जुलै 2025 ला वरळीत दोघे एका व्यासपीठावर उभे राहिले. त्या वीस वर्षांत दोन सेनांसाठी एकमेकांची डोकी फोडणाऱ्या मावसभावांना मात्र कुणी व्यासपीठावर बोलावले नाही.

अमेरिकेतही हे दुखणे आहे, आणि तिथे ते मोजून झाले आहे. कीथ चेन आणि राइन रोहला या संशोधकांनी 2016 च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या थँक्सगिव्हिंगची पाहणी मोबाइल फोनच्या ठावठिकाण्यावरून केली. ती 2018 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आली. विरुद्ध कल असलेल्या भागातून आलेले नातेवाईक जेवणाच्या मेजावरून 30 ते 50 मिनिटे लवकर उठले. जिथे निवडणुकीच्या जाहिरातींचा मारा जास्त, तिथे उठणे आणखी लवकर. आपल्याकडे तशी सोय नाही. भाऊबीज व्हायची असते, ओवाळणी घालायची असते, आणि वज्रेश्वरीहून परतीची गाडी ठरल्या वेळीच सुटते.

आता आपल्या तालुक्यातल्या भांडणांकडे जरा खोलात पाहू. भिवंडीच्या जमिनीला गोदामांनी सोन्याचा भाव आणला. मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेनसाठी भूसंपादन झाले, मोबदला आला, आणि सातबाऱ्यावरची नावे अचानक महत्त्वाची झाली. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क देणारी दुरुस्ती केली, केंद्राने 2005 मध्ये ती देशभर नेली, आणि ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की 2005 मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क अबाधित आहे. कायदा असा, रिवाज असा की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करून मोकळे व्हावे. काही करतात, काही करत नाहीत. ज्या घरात सहीचा विषय अर्धवट राहिलेला असतो, तिथे भाऊबीजेच्या जेवणात दोघे मेहुणे महामार्गावरून सुरू होतात, सरकारवर येतात, मग मोदी, मग पवार. बघणाऱ्याला वाटते राजकारणावर पेटले. ओवाळणीचे तबक आत ठेवून आलेल्या बहिणीला ठाऊक असते की विषय गट नंबरचा आहे. अशा घराला राजकीय सलोख्याचा सल्ला देऊन उपयोग नाही. त्यांनी तलाठ्याकडे आणि वकिलाकडे जावे, तेही दिवाळीनंतर.

ग्रामपंचायतीचेही तसेच. तिथे पक्षाचे चिन्हच नसते, पॅनेल असते, आणि पॅनेल बहुधा भावकीच्या चिरेवर फुटते. त्यात सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली, 2022 मध्ये परत आली. एक खुर्ची, दोन चुलत घरे, आणि हरलेले घर पुढची पाच वर्षे हळदीला जाते पण जेवत नाही.

यावर बहुतेक घरांनी काढलेला तोडगा म्हणजे 'सणासुदीला राजकारण नको'. व्हॉट्सअॅपच्या कुटुंबगटावर तर हा नियम ठळक अक्षरांत असतो, आणि तो टाकणारे काका दुसऱ्याच सकाळी आपल्या आवडत्या नेत्याचा व्हिडिओ 'फक्त माहितीसाठी' पाठवतात. या संपादकीयाची तक्रार नेमकी इथे आहे. गप्प बसण्याचा नियम सगळ्यांना सारखा लागत नाही. ज्याचा आवाज घरात आधीच मोठा, त्याचे बोलणे राजकारण धरले जात नाही. ते 'साधी गोष्ट' असते. राजकारण ठरते ते सुनेचे बोलणे, कारण तिचे माहेर दुसऱ्या पक्षाचे. राजकारण ठरते ते कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याचे बोलणे, कारण तो अजून 'लहान' आहे, जरी मतदारयादीत त्याचे नाव आले असले तरी.

ऑगस्ट 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिना 1500 रुपये बायकांच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले, तेव्हापासून हा प्रकार अधिकच उघडा पडला. योजनेवर टीका करा, तिजोरीचे काय होणार ते विचारा, जरूर विचारा. पण "1500 ला मत विकले" असे भावजयीच्या तोंडावर म्हणणाऱ्या गृहस्थाने आपल्या गोदामाचे भाडे, आपल्या पोराची ठेकेदारी आणि आपले मत यांचाही हिशेब त्याच बैठकीत मांडावा. मत कुणाला दिले हे मतदान यंत्राशेजारच्या काचेत सात सेकंद दिसणाऱ्या चिठ्ठीवर फक्त त्या बाईने पाहिलेले असते. ते विचारायचा अधिकार नवऱ्याला नाही, सासऱ्याला नाही, मग साडूला कुठून येणार?

भिन्न झेंड्यांची माणसे एकत्र उभी राहू शकतात, हे याच पट्ट्याने दाखवले आहे. नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटलांचे नाव द्यावे म्हणून 10 जून 2021 ला मानवी साखळी झाली. कृती समिती सर्वपक्षीय होती. दिबा स्वतः शेकापचे. साखळीत भाजपचे होते, मनसेचे होते, काँग्रेसचेही. एरवी एकमेकांच्या दारावरून न बघता जाणारे भाऊबंद त्या दिवशी हाताला हात लावून उभे होते, कारण प्रश्न आपला आहे हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. तेव्हा ओटीवर भांडायचेच असेल तर विषय जवळचा घ्यावा. पक्ष कुठला बरा यावर मोबाइलमधून आलेली वाक्ये दोघेही पाठ म्हणतात. वाडा-भिवंडी रस्त्याचे खड्डे, दवाखान्यात डॉक्टर असतो की नाही, कातकरी पाड्यावर पाणी किती वाजता येते, यावर मात्र प्रत्येकाला स्वतःचे काही बोलावे लागते.

आणि घरातल्या थोरल्यांनी वसंतराव पवारांसारखे आधीच सांगून टाकावे. येत्या निवडणुकीत चुलत भाऊ उभा असेल आणि पोरगा समोरच्या पॅनेलचा प्रचार करणार असेल, तर ते निकालाच्या दिवशी गुलालातून कळण्यापेक्षा लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री समजलेले बरे. थोरल्याने स्वतः विषय काढला की धाकट्याला चोरून फिरावे लागत नाही, आणि भावाला दगा झाला असेही वाटत नाही.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून हे अंक घरात हातोहात फिरत आले आहेत. एकाच प्रतीत आजोबा, सून आणि नातू तिघांच्या खुणा. हाही अंक तसाच फिरो. यातले राजकीय लेख पटणार नाहीत अशी घरे पुष्कळ असतील. त्यांनी उत्तर लिहावे, नाव-गाव घालून लिहावे. विरोधातली पत्रे पुढच्या अंकात आधी छापली जातील. अट एकच: पत्र पाठवण्यापूर्वी ते घरातल्या दुसऱ्या झेंड्याच्या माणसाला एकदा मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्याने काढलेली एक तरी दुरुस्ती त्यात घ्यावी.