रिकाम्या पिशवीचे मोल

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. तीत एक मार्मिक तरतूद होती. दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे पुनर्खरेदी किंमत छापावी आणि रिकामी पिशवी परत करणाऱ्यास ती मिळावी. बंदी केवळ दंडाचे भय दाखवते. अनामत चांगल्या सवयीचा मोबदला देते. तरीही ही योजना व्यवहारात रुजली नाही.

कारणे उघड आहेत. अठ्ठन्नी कायद्याने चलनात असली तरी बाजारात कोणी घेत नाही. रोज एक पिशवी घेणाऱ्या कुटुंबाने महिनाभर पिशव्या धुऊन, वाळवून साठवल्या तरी हाती येणार पंधरा रुपये! दुकानदारास साठवणुकीची जागा नाही आणि त्या श्रमाचा मोबदलाही नाही. याउलट तामिळनाडूत, न्यायालयाच्या आदेशावरून, २०२२ मध्ये निलगिरी जिल्ह्यात मद्याच्या बाटलीवर दहा रुपये अनामत ठेवताच बहुतांश बाटल्या परत येऊ लागल्या. माणसे तीच, फरक रकमेचा आणि सोयीचा.

शिवाय परत आलेली पिशवी पुन्हा भरता येत नाही. मुंबईत आरेचे दूध एकेकाळी काचेच्या बाटलीतून घरोघर जाई आणि रिकामी बाटली परत येई. सोड्याची बाटली व तेलाचा डबाही असेच फिरत. पुनर्वापर आपल्याला नवा नाही; आपण तो मोडीत काढला.

मात्र बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात बाटल्या धुण्यास पाणी कोठून आणणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच चौसाळ्यासारख्या गावासाठी घरचेच भांडे अधिक योग्य. ते एरवीही घासले जातेच. खेड्यातून दूध कॅनमधून निघते आणि शहरातून पिशवीत बंद होऊन परत येते, ही उलटी गंगा थांबवता येईल. पिशवीने मापाची व शुद्धतेची हमी दिली, हे नाकारता येणार नाही. तीच हमी दूधसंस्थेने प्रमाणित माप आणि रोजची तपासणी ठेवून द्यावी, आणि भांडे आणणाऱ्यास वेष्टनाचा वाचलेला खर्च दरात वजा करून द्यावा.

आज वेष्टनाचा नफा उत्पादकाचा आणि कचऱ्याचा खर्च ग्रामपंचायतीचा, उकिरड्यावर पिशव्या गिळणाऱ्या जनावरांचा. हा हिशेब बदलल्याखेरीज केवळ उपदेशाने गाव स्वच्छ होणार नाही.