रताळे : गोड आणि तिखट

बडोद्यास नव्याने राहावयास गेलेल्या मराठी गृहिणीने मंडईत 'रताळू द्या' असे म्हटले, तर तिच्या पिशवीत जांभळ्या गराचा जाडजूड कंद पडतो आणि घरी येऊन किसणीवर धरताच तो हाताला बुळबुळीत लागतो. गुजराती भाषेत रताळू म्हणजे आपले कोनफळ. आपल्या रताळ्याला तेथे शक्करियां म्हणतात. उंधियूत हे दोन्ही कंद शेजारी शेजारी शिजतात, त्यामुळे घोटाळा अधिकच. इंदूर-ग्वाल्हेरकडे शकरकंद म्हणून मागावे. बेळगावच्या बाजारात कानडी विक्रेती गेणसु म्हणेल, तर हैदराबादेत तेलुगू भाजीवाली चिलगडदुंप. आमच्या वाचकांना हा भाषांचा प्रपंच नित्याचा आहे, तेव्हा तो लांबवीत नाही. एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. 'बटाटा' हा शब्द मुळात रताळ्याचा. कॅरिबियन बेटांवरील लोक रताळ्याला त्या नावाने ओळखत. दर्यावर्दी लोकांनी तो शब्द उचलला, आणि पोर्तुगीजांकडून आपल्यापर्यंत पोहोचेतो तो भलत्याच कंदाला चिकटला. वास्तविक दोघांचे नाते काहीच नाही. बटाटा वांग्याच्या कुळातला, तर रताळे गणेशवेलीच्या. रताळ्याचे फूल ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

असा सातासमुद्रांपलीकडून आलेला हा कंद आपल्या घरी उपवासाच्या कामी तेवढा लागला. महाशिवरात्र, आषाढी, नवरात्र एवढ्यापुरती त्याची आठवण. उपवासाच्या ताटातील मिरची, शेंगदाणा, बटाटा आणि ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिका खंडातले पाहुणे आहेत. त्यांना सोवळ्यात घेणाऱ्या आमच्या आज्या-पणज्या जुन्या वळणाच्या म्हणून ओळखल्या जात. पण त्यांच्याइतके उदार मन आम्हांस क्वचितच आढळले. पुढल्या पिढ्यांनी मात्र रताळ्याला एकादशीच्या चौकटीतून बाहेर काढले नाही. 'फार गोड, रोज कसे खावे?' ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती रास्त नाही, कारण रताळे किती गोड लागावे हे पुष्कळ अंशी चुलीवर ठरते.

कच्चे रताळे बेताचेच गोड असते. त्यात भर असतो तो पिष्टाचा. त्या पिष्टाची साखर करणारे एक द्रव्य त्याच कंदात असते, आणि साधारण ६० ते ७५ अंश उष्णतेच्या दरम्यान ते झपाट्याने काम करते. त्याहून ताव वाढला की ते निकामी होते. म्हणूनच राखेत, मंद निखाऱ्यावर तासभर पडून राहिलेल्या रताळ्याची साल फोडावी तो आतून पाक पाझरतो. आणि तेच रताळे किसून तापल्या कढईत भराभर परतले तर गोडीला वेळच मिळत नाही. गोड करावयाचे ते सावकाश, तिखट करावयाचे ते झटपट, एवढे ध्यानी धरले की पुढचे सारे सोपे.

तिखटात पहिला मान किसाचा. जाड किसणीने किसावे व लगेच कढईत टाकावे, नाहीतर कीस काळा पडतो. साजूक तुपात जिरे व हिरवी मिरची, मोठ्या आचेवर कीस, जेमतेम एक वाफ, मग दाण्याचे कूट, मीठ, वरून लिंबू. चिमूटभर साखर घालण्याची मराठी हाताची सवय येथे आवरावी. दुसरा प्रकार कापांचा. बोटाच्या पेराएवढ्या जाड चकत्यांना मीठ, हळद, तिखट व चिंचेचा कोळ चोळावा, रव्यात घोळवून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस कराव्यात. आमच्या मते वरणभाताशेजारी यासारखे तोंडी लावणे नाही, आणि यासाठी कोणत्याही तिथीची वाट पाहावी लागत नाही. शेजारच्या कानडी घरी गेणशाच्या फोडी हुळीत पडतात; आंबट आमटीत ती गोडी कशी खुलते हे एकदा वाटीभर मागून पाहावे. फोडी शिजल्यावरच चिंच घालावी. आंबटात कंद लवकर मऊ होत नाही.

गुळाचेही तेच. गोड फोडींसाठी तुपावर झाकण ठेवून, मंद आचेवर आधी रताळे पुरते शिजवावे, मग गूळ, वेलची, ओले खोबरे. गूळ आधी पडला की फोडी टणक राहतात. खिरीत गूळ घालावयाचा तर भांडे उतरवून, जरा निवल्यावर. नाहीतर दूध फाटते. उकडून कुस्करलेल्या रताळ्यात गूळ व मावेल तेवढी कणीक मळून पुऱ्या कराव्यात, पाण्याचा थेंबही नको. पीठ मळून ठेवू नये, गूळ सुटून ते सैल पडते. पुरणाऐवजी हेच सारण भरून उत्तर कर्नाटकात होळगी करतात. ती आपल्या रताळ्याच्या पोळीची सख्खी बहीण.

एका बाबतीत मात्र आम्हांस गंभीरपणे लिहावयाचे आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसांना मधुमेह असतो, तरी एकादशी सुटत नाही. 'उपवासाचे ते हलके' या समजुतीने भाजलेली रताळी, वर साबुदाणा आणि साखरेचे दूध असे एकाच दुपारी पोटात जाते. उकडलेल्या रताळ्याच्या मानाने भाजलेल्याने रक्तातील साखर लवकर चढते. अशा माणसाने रताळे टाकावे असे नव्हे. पण ते उकडलेले, मोजके, दह्यातल्या कोशिंबिरीच्या रूपाने, दाण्याच्या कुटासह घ्यावे, आणि साबुदाण्याच्या जागी घ्यावे, त्याच्या जोडीला नव्हे. गोळ्या वा इन्शुलिन चालू असताना उपवास करावयाचा तर आधी डॉक्टरांना विचारावे. सूनबाईंनी हे सांगितले तर भक्तीत उणे काढल्यासारखे वाटते, म्हणून आम्ही सांगत आहोत.

नारिंगी गराची रताळी दिसली तर अवश्य घ्यावीत. ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते ते द्रव्य त्यांत विपुल असते. पांढऱ्या गरात ते नाममात्रच. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय संशोधन संस्थेने काढलेली 'भू सोना' ही अशीच एक जात.

रताळी आणल्यावर धुऊ नयेत, माती झटकून टोपलीत, वारा लागेल अशा जागी ठेवावीत. फ्रीजमध्ये ठेवल्यास आतला गाभा कडक होतो व शिजता शिजत नाही. ताज्या खणलेल्यांचा कीस करावा. दहा-पंधरा दिवस मुरलेली गोड पदार्थांना राखावीत. कोंब आले तरी बटाट्यासारखे भय नाही, कोंब काढून खुशाल वापरावीत. पण सोंड्या किड्याने पोखरलेले, आतून काळसर झालेले रताळे कडू असते आणि तो कडवटपणा शिजवून जात नाही. ते अर्धे कापून वाचवू नये, सबंध टाकून द्यावे.