चिठ्ठी मोबाईलवर आली, गोळी कुठाय?

धारूर, वडवणी, शिरूर कासारच्या टोळ्या दिवाळीच्या आगंमागं उसाला निघतात, त्या थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. सोबत बीपी-शुगरच्या गोळ्या फार तर महिनाभराच्या. त्या संपल्या की कोयता ठेवून दवाखाना गाठायचा म्हणजे दिवसाचा खाडा, वर मुकादमाचा दंड.

एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली सरकारची ई-संजीवनी ओपीडी खरं तर याच लोकांच्या कामाची. डॉक्टर व्हिडिओवर तपासतात, फुकटात, अन् चिठ्ठी मोबाईलवर येते. केंद्राच्या मार्च २०२० च्या नियमांनुसार जुन्या आजाराच्या चालू गोळ्या अशा पुन्हा लिहून देता येतात. अमली पदार्थ कायद्यातली औषधं मात्र नाही. आधीची चिठ्ठी दाखवली तर काम सोपं होतं. पालात कागद टिकतो थोडाच!

गावाकडं उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी डॉक्टर जोडून देतात, बीपी मोजतात, गोळ्याही तिथंच देतात. फडात यातलं काहीच नाही. मेडिकल लांब, पैसे पदरचे, आणि बीपी मोजल्याबिगर डॉक्टरनं डोस ठरवायचा कशावर? टोळी निघण्याआधी उपकेंद्रानंच तीन महिन्यांच्या गोळ्या बांधून दिल्या आणि जुन्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलात काढून दिला, तर निम्मं काम गावातच होतं.