विश्लेषण : जुनी मोटरबोट घेताय? टोकन देण्याआधी काय तपासाल?

पुण्याला समुद्र नाही, पण पाणी भरपूर आहे. खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना आणि पुढे उजनीचा विस्तीर्ण फुगवटा. रिसॉर्ट, कृषी पर्यटन केंद्र किंवा बचाव पथकासाठी नव्या बोटीऐवजी वापरलेली बोट घेण्याचा विचार अनेक जण करतात. दुचाकी घेताना आपण ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेतो. बोटीच्या बाबतीत मात्र रंग आणि सीट पाहूनच सौदा होण्याचा धोका असतो.

हा प्रश्न आता महत्त्वाचा का?

गेल्या काही वर्षांतील तीन दुर्घटना आठवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी या जलमार्गावर उजनीत वादळी वाऱ्याने बोट बुडून सहा जणांचा मृत्यू झाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत एलिफंटाकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. त्यात १५ जण दगावले.

तिन्ही घटनांची कारणे वेगळी. एका ठिकाणी गर्दी, दुसऱ्या ठिकाणी वारा. मुंबईत मात्र नौदलाच्या बोटीच्या इंजिनाची चाचणी सुरू होती आणि बिघाडामुळे तिच्यावरील नियंत्रण सुटले, असे नौदलाने सांगितले होते. जुनी बोट घेणाऱ्यालाही इंजिनाची चाचणी करावीच लागते, म्हणून ही घटना त्याने विशेष लक्षात ठेवावी.

बोटीच्या सांगाड्यात काय पाहायचे?

लहान मोटरबोटी बहुतेक फायबरच्या असतात. रंगाखाली काय दडले आहे, हे कानाने कळते. प्लॅस्टिकच्या हातोडीने किंवा नाण्याने तळावर ठिकठिकाणी हलके ठोकून पाहा. टणक आवाज आला तर चांगले. आवाज बोदा, पोकळ आला तर आतले थर सुटलेले किंवा पाणी मुरलेले असण्याची शक्यता असते. फोड आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगाही तपासा. एखाद्याच भागावर ताजा रंग असेल तर तो का दिला, हे विचारा.

सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे इंजिन जिथे टांगलेले असते ती मागची फळी. अनेक बोटींत तिच्या आत प्लायवूड असते आणि बोल्टच्या छिद्रांतून पाणी शिरून ते कुजते. इंजिनाचा खालचा भाग हाताने वर-खाली हलवा. त्याबरोबर फळी लवत असेल तर सौदा तिथेच थांबवा.

इंजिनाची परीक्षा कशी घ्यायची?

विक्रेत्याला आधीच सांगा, ‘मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका.’ गरम इंजिन सहज सुरू होते. खरे दुखणे थंड इंजिनात दिसते. सुरू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार सलग पडायला हवी. ती थंड करण्याची यंत्रणा चालू असल्याची खूण. पाण्याचा पाइप जोडल्याशिवाय ट्रेलरवर इंजिन चालवू देऊ नका. पंपातील रबरी पाती कोरडी फिरली की लवकर खराब होतात.

गिअर ऑइलचे थेंब काढून पाहा. रंग दुधाळ असेल तर सील गळून पाणी आत गेले आहे. मेकॅनिककडून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्या. सिलिंडरमधला फरक साधारण १० टक्क्यांच्या आत असावा. बोट कोकणातून किंवा मुंबईतून आली असेल तर वायरिंग, बोल्ट आणि इंजिनाच्या आतील भागात मिठाचा गंज शोधा. धरणाचे पाणी गोडे असले तरी आधी बसलेले मीठ आपोआप जात नाही.

पाण्यात चाचणी घेताना काय काळजी घ्यावी?

ट्रेलरवरची बोट निम्मीच कळते, त्यामुळे पाण्यातली चाचणी टाळू नका. मात्र ती इतर बोटी आणि पोहणारे नसलेल्या मोकळ्या पाण्यात करा. प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवे. चालकाच्या मनगटाला किल स्विचची दोरी बांधलेली असावी. चालक पडला तर तिच्यामुळे इंजिन बंद पडते. ही दोरी ओढून इंजिन खरोखर बंद होते का, हे किनाऱ्याजवळच पाहून घ्या.

मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरते का, गिअर सहज पडतो का, पूर्ण वेगात इंजिन कंपनीने सांगितलेले फेरे गाठते का, हे तपासा. परतल्यावर बोटीच्या तळाशी किती पाणी साचले, ते पाहायला विसरू नका.

कागदपत्रे कोणती लागतात?

अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ ने १९१७ चा जुना कायदा मोडीत काढला. यंत्रावर चालणाऱ्या जलयानांसाठी नोंदणी आणि सर्वेक्षण प्रमाणपत्राची तसेच विम्याची तरतूद त्यात आहे. राज्यात या कामासाठी महाराष्ट्र सागरी मंडळ आहे. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, सर्वेक्षणाची मुदत संपली का आणि इंजिनावरील क्रमांक कागदाशी जुळतो का, हे पाहा. प्रवासीक्षमता विक्रेत्याच्या तोंडी हिशोबावर नव्हे, प्रमाणपत्रावर ठरते. बोट ज्या धरणात चालवायची तिथली जलसंपदा विभागाची परवानगी वेगळी. ती मिळणार नसेल तर बोट कितीही स्वस्त असली तरी उपयोग नाही.

मग निर्णय कसा घ्यायचा?

जुने सीट, फिका रंग, उतरलेली बॅटरी यांवर भाव कमी करून घेता येतो. कुजलेली फळी, गिअरमध्ये पाणी आणि नावावर नसलेली नोंदणी यांवर घासाघीस करू नये. तिथून परत फिरावे. मोठी बोट असेल किंवा तिच्यातून पर्यटक नेणार असाल, तर स्वतंत्र सर्वेक्षकाला पैसे देऊन तपासणी करून घ्या. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती बाजूला घेता येते. धरणाच्या मध्यभागी ती सोय नसते.